इन्सुलिनचा पंप : मानवणे, झेपणे आणि परवडणे

गतवर्षी एका रुग्णालयाकडून आमच्या विभागाकडे एक माहितीपत्रक तपासणीसाठी आले. इंग्रजीवरून मराठीत उतरविलेले ते पत्रक इन्सुलिनच्या पंपाविषयी होते, व मधुमेहाच्या रुग्णाला तो घ्यावा की न घ्यावा हे स्वतः ठरविता यावे असा त्याचा हेतू होता. त्यातील मुख्य प्रश्न असा छापलेला होता : 'इन्सुलिन पंप आपल्या जीवनशैलीस अनुरूप आहे काय?' व्याकरणदृष्ट्या या वाक्यात दोष काढता येणार नाही. तथापि ज्याला हा प्रश्न विचारावयाचा, मग तो इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार असो की परभणीची शिक्षिका असो, त्याने याचे उत्तर तरी काय द्यावे? 'असेल बुवा' एवढे म्हणून तो डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहील, आणि ज्यासाठी पत्रक काढले तो हेतूच निष्फळ होईल.

हाच प्रश्न आपण घरात विचारतो तेव्हा 'अनुरूप' हा शब्द कोणाच्याही ओठांवर येत नाही. 'तुला ते मानवेल का?' असे आपण म्हणतो. किंवा 'झेपेल का?', 'परवडेल का?' असे म्हणतो. ही क्रियापदे एकमेकांच्या जागी चालणारी नव्हेत. हवा, पाणी, औषध, एखाद्या गावचे अन्न ही मानवतात किंवा मानवत नाहीत. अभ्यास, ओझे, जबाबदारी ही झेपतात. परवडण्याचा संबंध पैशाशी, परंतु केवळ पैशाशी नव्हे. 'एवढा वेळ मला परवडत नाही' असेही आपण म्हणतोच. कोकणची हवा एखाद्याला मानवली नाही असे म्हणता येते, पण ती त्याला झेपली नाही असे कोणी म्हणत नाही. म्हणजे जो प्रश्न पत्रकात एक म्हणून विचारला होता तो वस्तुतः तीन प्रश्नांची मोळी होता, आणि मोळी सोडल्यावाचून त्यातील एकाही काडीची परीक्षा होणे शक्य नव्हते. या क्रियापदांचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. 'मला पंप मानवला' या वाक्यात माणूस चतुर्थीत आहे आणि पंप प्रथमेत. तेथे माणूस काही करीत नाही. त्याच्या बाबतीत काही घडते. या गोष्टीकडे पुढे परत यावयाचे आहे.

प्रस्तुत लेखिकेला या विषयाचे केवळ भाषिक कुतूहल नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून ती पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची रुग्ण आहे. या प्रकारात स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी शरीराच्याच संरक्षक यंत्रणेकडून नष्ट होतात, आणि इन्सुलिन बाहेरून घेण्यावाचून जगण्याचा दुसरा मार्ग राहत नाही. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात विभक्तिविचार शिकवीत असता तिला 'चतुर्थी' हा शब्द आठवेना. फळ्यावरील उदाहरणाकडे बोट दाखवून ती 'ते, ते' एवढेच म्हणत राहिली. विद्यार्थ्यांना वाटले, बाई रागावल्या. अखेर जिच्या घरात मधुमेह होता अशा एका विद्यार्थिनीने पाण्यात साखर कालवून पेला हाती दिला. साखर देण्यापूर्वी रक्त तपासावे हे कोणाला सुचले नव्हते. पंधरा मिनिटांनी तपासले तेव्हाही रक्तातील साखर डेसिलिटरला ५२ मिलिग्रॅम भरली. सत्तराखाली गेलेली साखर कमी समजतात, चोपन्नाखालची गंभीर समजतात. मेंदूचे इंधन मुख्यतः ही साखरच असल्यामुळे तिचा तुटवडा पडला की विचार, तोल आणि वाणी यांवर परिणाम होतो. वाचा गेलेल्या रुग्णांची उदाहरणे वर्गात देणाऱ्या व्यक्तीला ते उदाहरण स्वतःच्या रूपाने द्यावे लागले.

भीती वाटावी अशी गोष्ट त्या दिवशी वेगळीच होती. साखर उतरत असता घाम, थरथर, धडधड या ज्या खुणा शरीर देते त्यांपैकी एकही खूण मिळाली नव्हती. वारंवार साखर खाली जाऊ लागली की शरीराची ही धोक्याची घंटा बोथट होत जाते, आणि मग रुग्णाला कळण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपू शकते. डॉक्टरांनी पंपाचा विषय काढला तो या कारणाने.

आता हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. नावाविषयी प्रथम दोन शब्द. 'इन्सुलिन' हा शब्द बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. पाउल लांगरहान्स याने १८६९ मध्ये स्वादुपिंडात पेशींचे जे विखुरलेले पुंजके पाहिले त्यांना पुढे बेटांची उपमा मिळाली, आणि त्या बेटांतून पाझरत असावे अशा द्रव्याला, ते द्रव्य कोणाच्याही हाती येण्याच्या अगोदर, १९०९ मध्ये झां द मेयर या बेल्जियन संशोधकाने हे नाव सुचविले. द्रव्य हाती लागले ते १९२१ मध्ये, टोरोंटो येथे. नाव आधी आणि वस्तू मागाहून, असे शास्त्राच्या इतिहासात क्वचितच घडते. 'पंप' हा शब्द याउलट आपल्या कानांना फार ओळखीचा. इतका की तो ऐकताच विहिरीवरचे इंजिन डोळ्यांपुढे उभे राहते. ती कल्पना प्रथम मनातून काढून टाकली पाहिजे. हा पंप पत्त्यांच्या जोडाएवढा, कमरेला अडकविता येण्याजोगा असतो. आत एक छोटी कुपी असते व तीत सामान्यतः दोनशे ते तीनशे युनिट इन्सुलिन मावते. तिच्यातून एक बारीक नळी निघते, आणि नळीच्या टोकाची मऊ सूक्ष्म नलिका पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली बसविलेली असते. ही नलिका बहुधा दर दोन-तीन दिवसांनी बदलून नव्या जागी घालावी लागते. काही प्रकारांत लांब नळी नसून सबंध यंत्रच चिकटपट्टीने अंगावर बसविलेले असते.

पंपाचे काम दोन तऱ्हांचे आहे. तो दर काही मिनिटांनी अगदी थोडे थोडे इन्सुलिन अहोरात्र सोडीत असतो. याला आपण पायाभूत मात्रा म्हणू. जेवणाच्या वेळी रुग्ण कळ दाबून जी एकरकमी मात्रा घेतो तिला इंग्रजीत जो शब्द आहे, तो मूळच्या 'गोळा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला असून शरीरशास्त्रात चावून गोळा झालेल्या घासालाही तोच शब्द वापरतात. म्हणून तिला घासमात्रा म्हणावे अशी आमची सूचना होती. रुग्णालयाने ती हसून घेतली, पण घेतली. टोचून इन्सुलिन घेणारा रुग्ण हीच दोन कामे दोन प्रकारच्या इन्सुलिनांनी करतो. दिवसातून एकदा दीर्घकाळ टिकणारे, आणि प्रत्येक जेवणापूर्वी जलद असे. यातील दीर्घकाळ टिकणारे एकदा टोचले की परत घेता येत नाही. दुपारी अचानक चार मैल चालण्याचा प्रसंग आला, तरी सकाळी टोचलेले आपले काम करीतच राहते. पंपात ते कमी करता येते. पहाटे पहाटे साखर चढण्याचा जो त्रास कित्येकांना असतो, त्यासाठी केवळ त्या प्रहरापुरती मात्रा वाढवूनही ठेवता येते. पंपाचा खरा गुण तो हाच.

हा विचार नवा नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत लॉस एंजेलिसच्या आर्नल्ड कॅडिश या वैद्याने पाठीवर बांधावयाचे असे एक यंत्र केले होते. ते पाठपिशवीएवढे असल्याने व्यवहारात आले नाही. लंडनमध्ये जॉन पिकअप, हॅरी कीन व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये त्वचेखालून अखंड इन्सुलिन देण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि आजचा पंप त्या रीतीचा वारस आहे. पुढे अमेरिका व कॅनडा या देशांत १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ रुग्णांवर जो मोठा अभ्यास झाला त्याने साखर कसून ताब्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांचे पुष्कळ संरक्षण होते हे निर्विवाद सिद्ध केले. कसून उपचार घेणाऱ्या त्या गटात पंप वापरणारे होते, तसेच दिवसातून तीन किंवा अधिक वेळा टोचून घेणारेही होते. त्याच गटात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट घडले, हा त्या यशाचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही.

आता मानवण्याचा प्रश्न. तो देहाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर बव्हंशी वापरूनच मिळते. चिकटपट्टीने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. एकाच जागी वारंवार नलिका घातल्यास तेथे चरबीच्या गाठी होतात व इन्सुलिन नीट शोषले जात नाही. जागा लाल होऊन दुखू लागल्यास नलिका तत्काळ काढावी लागते. पावसाळ्यात कोकणपट्टीवर घामाने पट्टी सुटते. विदर्भातील उन्हाळा वेगळ्या रीतीने नडतो. पंपातील जलद इन्सुलिन ३७ अंश सेल्सिअसहून अधिक तापू देऊ नये असे त्याच्या पत्रकांत सांगितलेले असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि कुपी तर दिवसभर अंगालगत उन्हातून हिंडत असते. बिघडलेले इन्सुलिन पाहून ओळखता येईलच असे नाही. नळी कोठे मुडपली, नलिका त्वचेतून निसटली, तर काय होते हे प्रत्येकाने नीट समजून घेतले पाहिजे, कारण पंपात दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन मुळीच नसते. पुरवठा थांबला की शरीरात मागे साठा उरत नाही, आणि काही तासांतच रक्तात आम्लद्रव्ये साचून जिवावर बेतू शकते. म्हणून साखर २५० च्या वर गेली आणि तिचे कारण समजेना, तर कीटोन तपासावेत, इन्सुलिन पंपाने न घेता टोचून घ्यावे आणि नळी व नलिका बदलावी, असा नियम शिकविला जातो. अंघोळीला अथवा पोहावयास पंप काढून ठेवण्याची सवलत आहे, पण ती साधारण तासाभराची.

येथे एक धोक्याची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पत्रकात ती नव्हती. आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात, मिलिलिटरला ४० युनिटांच्या आणि १०० युनिटांच्या, व प्रत्येकीची पिचकारी निराळी असते; चाळीसच्या पिचकारीचे टोपण लाल, शंभराच्या पिचकारीचे नारिंगी. पंपात शंभराचे इन्सुलिन घालतात. रात्री-बेरात्री पंप बंद पडला आणि घाईत कोणी शंभराच्या बाटलीतून चाळीसच्या पिचकारीने दहाच्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर टोचले जातील ते दहा नव्हेत, पंचवीस युनिट. ज्या घरी पंप आहे त्या घरातील पिचकाऱ्यांचा डबा एकदा उघडून पाहावा.

झेपण्याचा प्रश्न याहून मोठा, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच ठरावा. येथे मघाच्या चतुर्थीकडे वळले पाहिजे. पंपाच्या जाहिरातींत 'पंप इन्सुलिन देतो', 'पंप काळजी घेतो' अशी वाक्ये असतात. त्यांत पंप कर्ता आहे आणि रुग्ण चतुर्थीत स्वस्थ बसलेला आहे. वस्तुस्थिती अशी नाही. साधा पंप सांगितले तेवढेच करतो. आपण भाकरी किती खाणार हे त्याला ठाऊक नसते, आणि ते ठरविण्याचे, मोजण्याचे व कळ दाबण्याचे कर्तृत्व रुग्णाकडेच राहते. टोचण्याची संख्या कमी होते. विचार करण्याची संख्या वाढते.

हे मोजणे कसे असते याचे एक उदाहरण घेऊ. एखाद्या व्यक्तीला दिवसाकाठी एकूण ४० युनिट इन्सुलिन लागते असे समजा. पाचशेला त्या संख्येने भागावे, असा एक स्थूल नियम आहे. भागाकार साडेबारा येतो. म्हणजे एक युनिट साडेबारा ग्रॅम कर्बोदकांना पुरे पडते. हा आरंभीचा अंदाज. खरा आकडा ज्याचा त्याला अनुभवाने व डॉक्टरांच्या सल्ल्याने बसवावा लागतो. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात. पन्नास ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर दोन भाकऱ्यांची ६८, आणि वाटीभर उसळीची पंधरा मिळवून ८३ झाली. त्यांना साडेबाराने भागले की साडेसहा युनिटांहून थोडी अधिक अशी घासमात्रा येते. यात कठीण काय, असे कोणी विचारील. कठीण हे की भाकरी पन्नास ग्रॅम पिठाची होती हे कोणी सांगावे? आमच्या घरी पीठ मापून घेण्याची सवय लागण्यास वर्ष गेले, आणि सासूबाईंना तो आपल्या हाताच्या अंदाजाचा अपमान वाटला. पंगतीत तर मोजणेच खुंटते. पुरणपोळीत डाळ, गूळ, कणीक आणि वरून तूप. स्निग्धांशामुळे साखर उशिरा व रेंगाळत चढते. अशा वेळी घासमात्रा एकदम न देता काही आत्ता व काही पुढील दोन-तीन तासांत अशी वाटून देण्याची सोय पंपात आहे, आणि टोचून घेणाऱ्याला ती नाही. उपवासाचेही तसेच. पायाभूत मात्रा बरोबर बसली असेल तर एकादशीला जेवण टाळणे पंपधारकाला पुष्कळ सोपे जाते. पण साबुदाण्याची खिचडी म्हणजे जेवण टाळणे नव्हे, ते दुप्पट जेवणे आहे, हे ज्याने मोजले नाही त्याला पंप वाचवू शकत नाही.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा दाखला येथे महत्त्वाचा आहे. त्यात प्रौढ रुग्णांच्या दोन्ही गटांना आहार मोजण्याचे व मात्रा ठरविण्याचे सारखेच शिक्षण दिले. नंतर एका गटाला पंप दिला, दुसरा टोचूनच घेत राहिला. दोन वर्षांनी साखरेच्या सरासरी नियंत्रणात पंपामुळे म्हणण्याजोगा अधिक लाभ आढळला नाही; दोन्ही गट सुधारले होते, आणि ती सुधारणा मुख्यतः शिक्षणाची होती. जो रुग्ण आज टोचून घेताना वही ठेवीत नाही, मोजीत नाही, जेवणाची मात्रा विसरतो, तो पंप घेतल्यावर हे सारे करू लागेल ही आशा फार महाग पडते. ज्याला मोजणे जमते आणि मोजूनही साखर हाती येत नाही, त्याच्यासाठी पंप आहे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २००८ मध्ये हीच कसोटी लावली होती : कसोशीने टोचून घेऊनही तीन महिन्यांच्या सरासरीचा निर्देशांक साडेआठ टक्के किंवा त्याहून वर राहत असेल, अथवा तो खाली आणण्याच्या प्रयत्नात साखर वारंवार उतरून जगणे कठीण होत असेल, तर पंप द्यावा, आणि दिल्यानंतर टिकाऊ सुधारणा दिसेल तरच तो चालू ठेवावा. 'चालू ठेवावा' या अटीचे मला अधिक मोल वाटते. पंप घेणे ही परत न फिरणारी वाट नव्हे.

येथवर साध्या पंपाचे वर्णन झाले. अलीकडे त्वचेखालील साखर सतत मोजणारा संवेदक पंपाला जोडलेला असतो, आणि त्याच्या आकड्यांवरून पंप पायाभूत मात्रा आपण होऊन कमी-अधिक करतो. अशा पहिल्या यंत्राला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. नाइसनेही २०२३ मध्ये अशा जोडयंत्रांची शिफारस केली आहे. यांत कर्तृत्वाचा काही भाग खरोखरच यंत्राकडे गेला, हे मान्य केले पाहिजे. साखर उतरू लागली की पंप इन्सुलिन थांबवितो, झोपलेल्या माणसाला जागे करतो. ज्याची धोक्याची घंटा बोथट झाली आहे त्याला ही दुसरी घंटा मिळते. तरीसुद्धा जेवणाची वर्दी बहुतेक यंत्रांना माणसानेच द्यावी लागते. संवेदकाचा आकडा रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असतो. आणि घंटा वाजते ती घरातील सर्वांसाठी वाजते. पहिल्या महिन्यात आमच्या घरी रात्री तीनदा-चारदा दिवा लागे. एके रात्री यजमान न बोलता उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले, त्याचा मला राग आला नाही.

परवडण्याविषयी थोडक्यात लिहितो आहोत, कारण हिशेब सरळ आहे आणि तो बहुतेकांना बाहेरच ठेवतो. यंत्राची किंमत आपल्याकडे लाखांच्या घरात जाते, आणि हमी सामान्यतः चार वर्षांची असते. पण ठरविताना पाहावयाची रक्कम ती नव्हे. नळ्या, नलिका, कुप्या आणि संवेदक यांचा दरमहाचा हजारोंचा खर्च यंत्राच्या आयुष्यभर चालतो, आणि विम्याने तो मिळेलच असा भरवसा नसतो. नातेवाइकांनी वर्गणी काढून यंत्र घेतले आणि पुढे नलिका तीन दिवसांऐवजी सहा दिवस वापरावी लागली, अशी स्थिती टोचून घेण्याहून वाईट. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या बहुसंख्य रुग्णांना तर या खर्चात पडण्याचे कारणच नसते.

माझा एक मामेभाऊ जालना जिल्ह्यात मोसंबीची बाग करतो. त्यालाही हाच आजार आहे, आणि त्याला पैशाची अडचण नव्हती. पंप त्याने सहा महिने वापरला. उन्हात पट्टी सुटे, फांदीत नळी अडके, नलिका संपल्या की छत्रपती संभाजीनगरला माणूस पाठवावा लागे. त्याने पंप ठेवून दिला आणि नव्या दीर्घ मुदतीच्या इन्सुलिनची लेखणी घेतली. त्याची साखर आज माझ्याहून चांगली असते. मोजण्यात तो कधी कमी पडला नव्हता. त्याला यंत्र झेपले होते, मानवले नाही. हे शब्द त्याचेच, आणि या लेखाची मांडणी मला त्याच्या त्या वाक्यावरून सुचली, हे येथे कबूल करते.

एक चौथा प्रश्न उरतो, त्याला एकच क्रियापद पुरत नाही. वस्तू अंगवळणी पडणे, असे आपण म्हणतो. पंप अक्षरशः अंगावर राहावयाचा असल्याने हा शब्दप्रयोग येथे शब्दशः खरा ठरतो. साडीत तो कोठे खोवावा, झोपेत कूस बदलताना कोठे जावा, वर्गात त्याचा टिणटिणाट झाल्यास काय सांगावे, हे सारे सवयीने बसते. परंतु तो दिसतो, ही गोष्ट सवयीने जात नाही. वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने दोन वर्षे टोचून घेण्याचे कोणाला कळू दिले नव्हते; ती स्नानगृहात जाऊन टोचून घेई. लग्न ठरेपर्यंत गुप्तता राखावी अशी घरच्यांची आज्ञा होती. पंप घेणे म्हणजे तिच्या दृष्टीने आजाराची जाहीर वाच्यता. तिला पंप घे असा सल्ला देणारे मोजमापाच्या गोष्टी बोलत होते, आणि ती मनात दुसऱ्याच गोष्टीचे मोजमाप करीत होती. हा संकोच क्षुल्लक म्हणून उडवून लावणे सोपे आहे. परंतु ज्या मुलीला तो वाटतो ती पंप ओढणीखाली दडपून ठेवील, घंटा बंद करील, आणि मग त्या यंत्राचा उपयोग काय? काही ठिकाणी इन्सुलिनऐवजी मिठाचे निर्जंतुक पाणी भरून पंप काही दिवस नुसता अंगावर वागवून पाहण्याची सोय करतात. या चौथ्या प्रश्नासाठी त्याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही. विकत घेण्यापूर्वी तशी सोय आहे का हे अवश्य विचारावे.

प्रस्तुत लेखिकेने संवेदकाचा पंप घेतला, तो साखरेच्या सरासरीसाठी नव्हे. तिची सरासरी टोचून घेतानाही फारशी वाईट नव्हती. वर्गात शब्द हरवू नये, एवढेच तिला पाहिजे होते. साखर खाली जाण्याचे प्रसंग पुष्कळ कमी झाले, आणि काही महिन्यांनी घाम व थरथर या जुन्या खुणाही थोड्याफार परत येऊ लागल्या. असे प्रसंग टळले की घंटेची धार काही अंशी परत येते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. पिशवीत लेखणी, सुया, साखरेची पुडी आणि एक जादा नलिका मात्र पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे ठेवावी लागते.

पत्रकातील त्या एका वाक्याच्या जागी विभागाने चार प्रश्न लिहून पाठविले. 'उन्हात, घामात, पावसात हे यंत्र तुमच्या अंगाला मानवेल का, व बंद पडल्यास टोचून घेण्याची तयारी घरात आहे का?' 'प्रत्येक जेवण मोजणे आज तुम्हाला झेपते का?' 'यंत्र नव्हे, दरमहाच्या नळ्या परवडतील का?' 'लोकांनी ते पाहिले तर चालेल का?' लाल व नारिंगी टोपणांविषयीची सूचनाही ठळक अक्षरांत जोडली होती. पत्रक छापून आले आहे. टोपणांची सूचना तीत आहे, पहिला, दुसरा व चौथा हे प्रश्न जसेच्या तसे आहेत. परवडण्याविषयीचा प्रश्न गाळलेला आहे. तो का गाळला हे विचारणारे पत्र विभागाने रुग्णालयाकडे पाठविले असून उत्तर यावयाचे आहे.